अदोमाचा राजा कोण होणार

बिशान, सिंगापूर
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

दादा,

सलाम. आम्ही इथे बरे आहोत. तुझी खुशाली कुमुदवहिनीकडून कळत असते, म्हणून वेगळी विचारत नाही. अनिमेष कामासाठी मनिलाला गेलाय, मंगळवारी येईल. निशिगंधाची सहावीची मोठी परीक्षा झाली, निकाल महिनाअखेर आहे. तोवर या घरात कुणी मोठ्याने श्वास घेत नाही. मी अजून यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. ज्या कुणीही उघडून बघत नाही त्या बिनचूक असाव्यात, याबद्दल मला पगार मिळतो.

तुझा मेसेज मंगळवारी आला. सहा वर्षांनंतर चार वाक्यं. वीस तारखेला सिंगापूरला पोचतो. चोवीसला जहाजावर चढायचं आहे. मधले दिवस एजंटने हॉटेल दिलंय. काही लागत नाही, कळवलं फक्त.

ज्याला काही लागत नाही तो कळवत नाही, दादा. तुला मी इतकी वर्षं ओळखते की 'फक्त' हा शब्द तू कुठे आणि कशासाठी ठेवतोस ते मला कळतं. पप्पांपुढे प्रगतिपुस्तक ठेवतानाही तू असाच खांदे उडवून बाजूला व्हायचास, म्हणजे विचारण्याची आणि वाईट वाटून घेण्याची दोन्ही कामं समोरच्यावर. जहाजावरच्या माणसांना वाटत असावं की आपण बंदरात उतरलो की त्या गावातल्या बहिणीने धक्क्यावर येऊन उभं राहिलं पाहिजे. मी उभी राहणार नाही. हॉटेल आहे तर हॉटेलात राहा. हे नीट शब्दांत लिहावं म्हणून बसले आहे. मेसेजवर लिहिलं असतं तर ते चिडून लिहिल्यासारखं वाटलं असतं, आणि मी चिडलेली नाही.

वहिनी सांगते की तीन वर्षांत तू थेंब घेतलेला नाहीस. ती हे अशा आवाजात सांगते, जणू तुला पदवीच मिळाली आहे. नगरच्या मंडळीने उपकारस्तुतीची प्रार्थनाही ठेवली म्हणे. मी सेहेचाळीस वर्षांत थेंब घेतलेला नाही. माझ्यासाठी कुणी साधी खारी-बिस्किटंसुद्धा वाटली नाहीत. जो हरवतो त्याचाच सोहळा होतो हे मी इथल्या मंडळीतल्या मुलांना उधळ्या मुलाच्या गोष्टीतून दर तीन वर्षांनी शिकवते, आणि दर वेळी मला त्या घरी राहिलेल्या थोरल्या मुलाची बाजू पटते. हे मी वर्गात सांगत नाही.

वर्गावरून आठवलं. उद्या माझा अदोमचा पाठ आहे. इथल्या आपल्या मराठी मंडळीची उपासना रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी असते. बहुतेक सगळे पुण्याकडचे, कंपन्यांत चांगल्या जागांवर असलेले. प्रार्थनेत नम्र असतात आणि चहाच्या वेळी एकमेकांच्या काँडोंची चौकशी करतात. मुलांचा वर्ग माझ्याकडे. पाठक्रम तीन वर्षांनी फिरून येतो. सध्या 'इस्राएल आणि शेजारची राष्ट्रं' चालू आहे. पलिष्टी झाले, अमालेकी झाले, आता अदोम.

मला ही राष्ट्रं शिकवायला आवडतात, कारण त्यांच्याबद्दल आदर बाळगायची जबाबदारी नसते. अदोम म्हणजे एसावाचा वंश, याकोबाच्या, म्हणजे इस्राएलाच्या, सख्ख्या भावाचा. मवाब आणि अम्मोन म्हणजे अब्राहामाच्या पुतण्याची पोरं. नकाशा काढला तर चार डोंगर आणि एक खारट तळं, आणि भोवती सगळे एकमेकांचे नातेवाईक. नगर जिल्ह्यात ज्याला भाऊबंदकी म्हणतात आणि जी तलाठ्याकडे मिटवतात, तिलाच तिथे राष्ट्रांचं वैर म्हणतात आणि तिच्यासाठी संदेष्टे बोलावतात. हजार वर्षं ही माणसं एकमेकांच्या विहिरी बुजवत राहिली. त्यातही अदोम सगळ्यांत हलका. मवाबाने निदान शाप द्यायला माणूस आणला, काही कष्ट घेतले. अदोमाने काय केलं, तर थकलेल्या भावाला रस्ता दिला नाही.

वाटीभर डाळीवर आपलं थोरलेपण धाकट्या याकोबाला विकणारा एसाव तू होतास, हे तर पप्पांनीच ठरवून टाकलं होतं. रविवारी सकाळी घरच्या प्रार्थनेत शास्त्रातलं वाचन थोरल्याने करायचं हा आपल्याकडचा नियम, आणि न्याहारीला प्रत्येकाला एक उकडलेलं अंडं. तू नऊ वर्षांचा होतास आणि मी पाच. तू म्हणालास, "तुझं अंडं दे, वाचन तू घे." मी दिलं. तेव्हापासून वाचन माझं. पप्पा पोट धरून हसले होते, आणि नंतर पाहुण्यांना सांगायचे की आमच्याकडे पाळणे उलटे टांगलेत, याकोब मुलगी निघाली. तू अंड्यावर वाचन दिलंस, मग बाटलीवर नोकरी दिलीस. मी ते वाचन घेऊन सिंगापूरपर्यंत आले. मला यात माझी काही चूक दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वीचं तू मनात धरून असशील तर तेही सांगून टाकते. तेव्हा आमच्या घराच्या करारात पाहुणे ठेवता येत नव्हते. ते मी तुला फोनवर तेव्हाच सांगितलं होतं.

बाकी उद्या लिहीन. मुकुट करायचाय.

रविवार, ९ नोव्हेंबर, संध्याकाळ

काल लिहिलेलं आत्ता वाचलं. डायरीत खाडाखोड करायची नाही हा माझा कॉलेजपासूनचा नियम आहे. तो इथेही लावते, म्हणून काही खोडलेलं नाही. पण वर एक वाक्य खोटं आहे. कुठलं ते तुला माहीत आहे, आणि मला ते लिहितानाही माहीत होतं.

आज उपासना टॅम्पिनीसला अरुणाताईंकडे होती. अरुणाताई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या, तीस वर्षं इथे आहेत. मोठी माणसं हॉलमध्ये आणि मुलांचा वर्ग आतल्या खोलीत. मी पाठ नेहमी नाटक करून शिकवते. त्यात एक अडचण दर वेळी येते, ती म्हणजे अदोमाचा राजा कोण होणार. कुणीच होत नाही. कुशल म्हणून एक नऊ वर्षांचा आहे, त्याला मी मुकुट देऊ केला तर हात मागे घेऊन म्हणाला, "ईडम इज द बॅड गाय, आय डोन्ट वॉन्ट लाह." म्हणून आमच्यात रीतच पडून गेली आहे की शत्रूचा राजा बाई होतात. मी आजवर फारो झाले आहे, पलिष्ट्यांचा सरदार झाले आहे. मुलं खूष असतात.

मी पलंगावर मुकुट घालून बसले. अनुजा, दहा वर्षांची, इस्राएलचा जासूद. तिने रोमन अक्षरांत लिहून आणलेलं मराठी एकेक शब्द तोडून वाचलं. तुझा भाऊ इस्राएल याने आम्हाला पाठवलं आहे. आमचे हाल तुला ठाऊक आहेत. आम्हाला फक्त तुझ्या देशातून जाऊ दे. आम्ही शेतात पाय ठेवणार नाही, मळ्यात शिरणार नाही, तुझ्या विहिरीचं पाणीसुद्धा पिणार नाही.

दादा, तू फोनवर म्हणाला होतास, चार दिवस, हॉलमध्ये जमिनीवर पडेन, तुझ्या फ्रिजला हात लावणार नाही, पाण्याची बाटलीसुद्धा खालून आणीन.

मला त्यानंतर एवढंच म्हणायचं होतं की नाही, माझ्या देशातून जायचं नाही. मग मुलांनी तलवारी काढायच्या. पण मी म्हणाले, "आमच्याकडे नियम आहे. पाहुणे चालत नाहीत." कुठून आलं ते कळलं नाही. आवाजही तोच, ऑफिसात वापरते तो. अनुजाने कागदावर बघितलं, हे वाक्य तिच्या कागदावर नव्हतं. मग तिने मान वर करून विचारलं, "बट ही इज युअर ब्रदर. रूल यू चेक ऑर नॉट?"

इथल्या मुलांना नियमांचं वावडं नाही. नियम आहे म्हटलं की ती वाद घालत नाहीत. फक्त खरंच आहे का ते विचारतात.

कुशलला वाटलं की हे सगळं नाटकातलं आहे. तो म्हणाला, "टीचर, यू व्हेरी गुड ॲट धिस."

मी घरी येऊन चप्पल न काढता कपाट उघडलं आणि घराचा करार काढला. घर तेच आहे, करारही तोच, दर दोन वर्षांनी पुढची तारीख पडते. पान सहा. कुटुंबातल्या पाहुण्याला चौदा दिवसांपर्यंत राहता येतं, घरमालकाला विचारायचीही गरज नाही. सहा वर्षांपूर्वी मी तो उघडलासुद्धा नव्हता. माझ्या पुस्तिका लोक उघडून बघत नाहीत म्हणून काल मी तुच्छतेने एक वाक्य लिहिलं आहे. तेही तसंच राहू दे.

आता खरं. तू २०१९ च्या नऊ नोव्हेंबरला, शनिवारी, एजंटच्या ऑफिसमधून फोन केलास. दारूच्या चाचणीत नापास झाल्यामुळे कंपनीने तुला इथे उतरवलं होतं आणि तिकिटाला चार दिवस होते. माझ्याकडे एक खोली रिकामी होती. अनिमेष तेव्हाही फिरतीवर होता, त्याला मी आजतागायत काही सांगितलेलं नाही. कारण एकच होतं. दुसऱ्या दिवशी उपासना माझ्या घरी होती. चौदा माणसं येणार होती. त्यांच्यासमोर तुझी ओळख काय करून द्यायची हे मी डोळ्यांपुढे आणलं आणि मला ते जमलं नाही. हा माझा भाऊ, इंजिनियर, सध्या मधल्या सुट्टीत आहे. अरुणाताईंनी विचारलं असतं, कुठल्या कंपनीत. तू खरं सांगितलं असतंस. तुझा तो वाईट गुण आहे, विचारलं की तू खरं सांगतोस.

इथवर तुला माहीत असावं. पुढचं माहीत आहे की नाही हे मला सहा वर्षांत ठरवता आलेलं नाही.

रविवारी तू आलास. पत्ता तुझ्याकडे होता, निशिगंधाच्या वाढदिवसाला तू खोकी पाठवायचास. माझ्या इमारतीत तू आला नाहीस. समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर, त्या मोकळ्या व्हॉइड डेकच्या कडेला दगडी टेबलं आहेत, जिथे म्हातारे पट मांडून बसतात, तिथे निळी बॅग पायांत धरून बसलास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. सव्वादोनपासून पावणेपाचपर्यंत. चहाचं पाणी ठेवताना पाहिलं, कप मांडताना पाहिलं. एकदा तू मान वर केलीस. मी मागे सरकले. नवव्या मजल्यावरचा माणूस खालून ओळखू येतो का हे मी नंतर खाली जाऊन बघून आले आहे. येतो, पण सूर्य कुठे आहे त्यावर अवलंबून आहे.

अरुणाताई त्या बाजूनेच आल्या. दारातच म्हणाल्या, "अगं, खाली कुणीतरी मराठी माणूस बसलाय. आपलं भजन गुणगुणत होता. प्यालेला वगैरे नव्हता हो, चांगला वाटला. बोलवायचं का वर?"

मी म्हणाले, "असेल कुणीतरी."

मग मी आतल्या खोलीत गेले, मुकुट घातला आणि अदोमचा पाठ घेतला. तोच पाठ होता, दादा. तीन वर्षांच्या फेऱ्यात तो त्याच रविवारी आला होता. अदोम किती नीच होता ते मी मुलांना इतकं रंगवून सांगितलं की कुशलच्या मोठ्या बहिणीने नकाशातल्या अदोमावर काळा खडू फिरवला. २०२२ मध्ये पाठ पुन्हा आला तेव्हा मी ताप आलाय म्हणून वर्ग अरुणाताईंकडे दिला. मला ताप नव्हता.

सोमवारी टपालपेटीत एक मोठं चॉकलेट होतं, जहाजावरच्या दुकानात मिळतं तसलं. चिठ्ठी नाही. ज्याला मी पाणी दिलं नाही त्याने माझ्या मुलीसाठी चॉकलेट ठेवलं होतं. ते मी निशिगंधाला दिलं नाही. ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवलं. दुपारपर्यंत संपलं.

त्या दिवसाची डायरी आत्ता समोर आहे. 'उपस्थिती चौदा. पाठ चांगला झाला. चहा कमी पडला.' एवढंच. अठ्ठावीस वर्षं मी प्रामाणिक डायरी लिहिते असं मला वाटत होतं. एका अक्षराचीही खाडाखोड नाही. खोडायला लागू नये अशा बेताने लिहिली की खाडाखोड होत नाही.

ओबद्या संदेष्टा अदोमाला जे म्हणाला त्यात रस्त्याचा विषयच नाही, हे तुला आठवतं का? भावावर संकट आलं तेव्हा तू लांब उभा राहिलास, हा त्याचा राग आहे. जुलमाचा आरोप करून तो एकेक गोष्ट मोजतो, त्यात उभा राहिलास हे पहिलं. मी हे वीस वेळा वाचलं असेल. मला दर वेळी वाटायचं की आपण रस्त्यात उभे आहोत, बॅग घेऊन, आणि ते उर्मट लोक वर डोंगरात. मी स्वतःला इस्राएल समजत होते कारण वाचन माझ्याकडे होतं.

हे लिहून मला हलकं वगैरे वाटलेलं नाही. तुझ्याबद्दल मला अजून राग आहे, आणि त्यातला काही रास्तही आहे. पप्पांच्या शेवटच्या नाताळला तू कुठल्या अवस्थेत आला होतास ते मी विसरलेले नाही. पण तिटकारा निराळा. तो मला हाताशी लागत होता, कारण तुला कमी लेखलं की खिडकीत उभं राहणं सोपं जायचं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अनिमेष काल रात्री आला. आज सकाळी न्याहारीला त्याला सगळं सांगितलं. तो ओरडेल किंवा समजूत काढेल अशी माझी दोन्ही बाजूंनी तयारी होती. त्याने एकच विचारलं, "मग त्या दिवशी तो जेवला कुठे?"

मला माहीत नाही. समोरच्या इमारतीपासून हॉकर सेंटर चार मिनिटांवर आहे, पण मी पाहत होते तोवर तू उठला नाहीस. इतका वेळ खिडकीत राहूनही मला हे कधी सुचलं नव्हतं.

निशिगंधा टेबलावरच होती. तिने विचारलं, "मामा इज कमिंग हिअर? टु आवर हाउस?" तिच्यासाठी मामा म्हणजे लहानपणी खोक्यांवर असलेलं नाव. मी म्हटलं, विचारणार आहे. ती म्हणाली की मग तिची खोली घे म्हणावं, ती हॉलमध्ये झोपेल. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पप्पा एक नियम सांगायचे, तो मी वर्गात कधी घेतला नाही, कारण तो नाटकात बसत नाही. मोशेने लोकांना बजावलं होतं की अम्मोनी आणि मवाबी यांना मंडळीत घ्यायचं नाही, कारण तुम्ही वाटेवर असताना ते भाकरपाणी घेऊन सामोरे आले नाहीत. आणि लगेच पुढे, अदोम्याचा मात्र तिटकारा करू नका. रस्ता त्याने नाकारलेला, तलवार त्याने काढलेली, तरी नाही, कारण तो भाऊ आहे. त्याच्या तिसऱ्या पिढीला आत येऊ द्या. मला हे लहानपणापासून अन्यायाचं वाटायचं. आज त्या नियमाचा फायदा मागायची पाळी माझ्यावर आहे. अदोम मी आहे, म्हणून तो पाळायचा की नाही हे तुझ्या हातात आहे. मी तुला माफ कर म्हणत नाही, तो शब्द मी माहितीपुस्तिकेतल्या सूचनेसारखा वापरेन अशी भीती वाटते. पप्पांपासून मोजलं तर निशिगंधा आणि तुझी ईशा तिसऱ्या पिढीत येतात. माझं काय ते तू ठरव, त्या दोघींसाठी दार लावू नकोस, एवढंच.

वीस तारखेला गुरुवार आहे. एजंटला सांग की हॉटेल नको. विमानतळावर अनिमेष येईल. मी आले तर मी बोलत सुटेन आणि तुला ऐकावं लागेल. तू त्याच्याबरोबर यायचं नाही म्हणालास आणि एकट्याने आलास, तर बिशान स्टेशनला उतर, पत्ता तुझ्याकडे आहे. समोरच्या इमारतीत बसू नकोस. मला खिडकीत दिसलास तर मी खाली येईन, पण तू मला तेवढाही वेळ देऊ नकोस. सरळ नवव्या मजल्यावर ये.

आणि यायचंच नाही असं ठरवलंस तर कळव. फक्त कळव. मला तो शब्द टोचेल, तो हक्क तुझा आहे.

तेवीसला रविवार आहे. उपासना आमच्याकडे ठेवली आहे, मी मागून घेतली. अठरा माणसं येतील, अरुणाताईही. तुझी ओळख माझा भाऊ म्हणून करून देईन. पुढचं विचारलं तर तू नेहमीसारखं खरं सांग. मी चहाच्या निमित्ताने आत जाणार नाही. मुलांच्या वर्गात मवाब आहे, राजा मीच होणार, सवय आहे. मोठ्यांच्या उपासनेत शास्त्रातलं वाचन थोरल्याचं. ते एकेचाळीस वर्षं माझ्याकडे होतं, ते आता तुझं तू घे.

सकाळी अंडी उकडेन. माझंही तूच खा. त्यावर काही मागणार नाही.

तुला चालत असेल तर तुझी बहीण, आणि नसेल तर समोरच्या खिडकीतली ती बाई,

मेधा